लाल चिंधीचा हंडा

माझ्या कीबोर्डला मी कुणाला हात लावू देत नाही. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक आहे. काही अडलं आणि शेजारचा खुर्ची ओढून "सरक, मी टाकतो पटकन" म्हणाला, की मी म्हणते, "तोंडानं सांग. हात माझेच." माझ्या पाठीमागं त्यावरून हसतात. हसू देत. हा खडूसपणा मी आईच्या पोटातून घेऊन आलेले नाही, तो मला एका मैत्रिणीनं दिलाय.

ती दुष्काळाची वर्षं होती. आमचं घर पिशोरचं. कन्नडच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि वेबसाइट बनवायचा कोर्स करायचा म्हणून हट्टानं औरंगाबादला आले. तेव्हा शहराचं नाव तेच होतं आणि तोंडात अजून तेच येतं. एसटी स्टँडवर सोडायला आलेला दादा बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला होता, "हे बघ, कोर्स संपेस्तोवर मी काय बोलत नाय. नोकरी लागली तर ऱ्हा तिथंच. नाय लागली तर गपगुमान घरी यायचं, मग मी म्हनल तिथं लग्नाला उभं ऱ्हायचं." दादा वाईट नाही. पण त्याचा शब्द म्हणजे शब्द, आणि मीही मान डोलावून बसले होते.

शहर त्या वेळी येड्यासारखं वाढत होतं. बीड बायपासच्या पलीकडं जिकडं पाहावं तिकडं स्लॅब पडत होते आणि त्या स्लॅबवर मारायला टँकरनं पाणी मिळत होतं. आम्हाला मात्र नळाची वाट पाहत बसावं लागायचं. जायकवाडीच्या तळाशी गाळ दिसायला लागला, असं रोज पेपरात यायचं. गारखेड्यात एका काकूंच्या गच्चीवर मला खोली मिळाली. खोलीत आधीपासून एक मुलगी होती, वैजापूरची. तिच्या वडलांचं मार्केट यार्डात कांद्याचं मोठं दुकान, घराला स्वतःचं बोअर. आईला ती मम्मी म्हणायची. आम्ही दोघी एकाच क्लासला जात होतो, एका मेडिकलच्या दुकानावरच्या माडीवर.

ती मला फार आवडायची, हे आधीच सांगून टाकते. मागाहून राग आला म्हणून आधीची माया खोटी ठरत नाही. मला ताप आला तेव्हा ती रात्रभर उशाशी बसली होती. घरून आलेला डबा आधी माझ्यापुढं उघडायची. माझ्या पिशोरच्या बोलण्याला हसायची, पण दुसरं कुणी हसलं की त्याच्या अंगावर धावून जायची. सख्खी बहीण नव्हती मला, त्यामुळं मी तिला तीच करून टाकलं.

क्लासमध्ये कॉम्प्युटर कमी आणि पोरं जास्त. म्हणून सरांनी पद्धत लावली होती, एका मशीनवर दोघं. एकानं सांगायचं, एकानं टाइप करायचं. नियम असा की रोज अदलाबदल करायची. पण माझी मैत्रीण इंग्रजी टायपिंगची चाळीसची परीक्षा पास झालेली. तिची बोटं अशी चालायची की बघत राहावं. मी एकेक अक्षर हुडकत बसायची. कॉम्प्युटरचा तास संपत आला की मागचे दोघं डोक्यावर येऊन उभे राहायचे. मग ती म्हणायची, "तू सांग गं, मी टाकते." दोन-तीन दिवसांत अदलाबदल बंद पडली. मी तोंड आणि ती हात. आमचं छान चाललं होतं, निदान मला तसं वाटत होतं.

पहिली ठेच लागली ती व्हेरिएबलला. सर म्हणाले, व्हेरिएबल म्हणजे एक डबा. डब्याला नाव द्यायचं, आत काहीतरी ठेवायचं. इथपर्यंत ठीक. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, एक्स बरोबर एक्स अधिक एक. मी गणिताची मुलगी. माझं डोकंच सटकलं. मी उभी राहून म्हणाले, "सर, हे चूक आहे. दोन्हीकडचा एक्स काढला तर शून्य बरोबर एक होतं." वर्ग हसला. सर म्हणाले, "गणित विसर. इथं असंच असतं." असंच असतं म्हणजे काय? मला 'असंच असतं' या उत्तराची लहानपणापासून चीड आहे. बाकीचे पुढं गेले आणि मी त्या एका ओळीवर अडून बसले. मैत्रीण म्हणायची, "पाठ करून टाक ना." तिला काहीच अडत नव्हतं, कारण ती काही विचारतच नव्हती. सर सांगतील ते टाइप करायचं आणि चाललं की खूष.

उलगडा झाला तो खोलीवर, पाणी भरताना. नळ आला होता. मी कळशी भरून पिंपात ओतत होते आणि एकदम माझ्या मायची आठवण आली.

पिशोरला टँकर येऊ लागला त्या उन्हाळ्यापासून मायनं घरात एक कायदा केला होता. कुठलं पाणी कशाचं हे कळावं म्हणून ती भांड्यांच्या गळ्याला जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायची. लाल चिंधी म्हणजे हंडा, पिण्याचं पाणी. हिरवी म्हणजे कळशी, स्वयंपाकाचं. परसातल्या रांजणाला पिवळी, ते वापरायचं. भाजी धुतलेलं पाणीसुद्धा फेकायचं नाही, ते एका घमेल्यात जमायचं आणि म्हशीपुढं जायचं. एकदा आमचा तांब्याचा हंडा बुडाला गळायला लागला. मायनं ज्वारीच्या पिठाचा स्टीलचा डबा रिकामा केला, धुतला, त्याला लाल चिंधी बांधली आणि सगळ्यांना बजावलं, "आजपासून ह्यो हंडा." दादा हसून लोळला. पण दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे त्या डब्याला हंडाच म्हणायला लागलो. "हंड्यातलं पाणी दे" म्हटलं की त्या डब्यातलं यायचं. खरा हंडा कोपऱ्यात उपडा पडलेला, त्याला कुणी विचारत नव्हतं.

पिंपापाशी उभ्या उभ्या मला कळलं. नाव भांड्याचं नसतं, चिंधीचं असतं. चिंधी जिथं बांधू तिथं नाव जातं. आणि रांजण बरोबर रांजण अधिक कळशी, यात खोटं काहीच नाही. रांजणात आहे ते घ्या, त्यात कळशी ओता, जे होईल त्याला पुन्हा रांजणच म्हणा. गेली कित्येक वर्षं माझी माय रोज सकाळी हेच करत होती. मी कळशी तशीच ठेवून ओरडले, "अगं, मला कळलं!" मैत्रिणीला सगळं सांगितलं, माय, चिंध्या, पिठाचा डबा, दादाचं हसणं. ती डोळे मोठे करून ऐकत होती. "किती भारी गं," म्हणाली. मला वाटलं, माझं घर तिला आवडलं.

त्यातूनच आमचं पान झालं. कोर्सच्या शेवटी प्रत्येकाला एक वेबपेज करून दाखवायचं होतं. बाकीच्यांनी फुलांचं दुकान, हॉटेलाचं मेनूकार्ड असलं काहीबाही केलं. मी ठरवलं, पाण्याचं करायचं. नळाला किती आलं ते टाका, घरात माणसं किती ते टाका, आणि पुढचा नळ येईपर्यंत पुरेल का नाही ते पान सांगेल. व्हेरिएबलांची नावं रांजण, हंडा, कळशी. पिण्याचं पाणी कमी पडणार असेल तर पानावर हंड्याच्या गळ्याला लाल पट्टी दिसायची. एकेक ओळ मी बोलले आणि एकेक ओळ तिनं टाइप केली. कुठं अडलं तर मी वहीवर भांडी काढून बघायची, ती नखं बघत थांबायची. पान पहिल्यांदा चाललं तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींना मिठी मारली. काकूंनी ते मोबाइलवर वापरायला सुरुवात केली, त्याचा मला आजही अभिमान आहे.

मग सरांनी सांगितलं की चिकलठाण्याकडं नव्यानं सुरू झालेल्या एका छोट्या कंपनीतून दोघं जण येणार आहेत. पान बघणार, बोलणार आणि आमच्यातून एकीला किंवा एकाला घेणार. एकालाच. माझ्यासाठी ती नुसती नोकरी नव्हती. नाही लागली तर दादाची एसटी होती आणि एसटीच्या शेवटी मांडव. मैत्रिणीला हे सगळं माहीत होतं. तीच मला म्हणाली, "तुलाच लागणार बघ. मला काय, पप्पा वर्षभर ठेवतील इथं."

सर म्हणाले, जोडीनं केलेलं पान दोघींनीही दाखवा, आत मात्र एकेकीनं जायचं. ती आधी गेली. केबिन म्हणजे प्लायचं पार्टिशन, वरून उघडं. मी बाहेर बाकावर बसले होते. मुद्दाम कान द्यायची गरज नव्हती, सगळं ऐकू येत होतं.

आधी तिनं पान चालवून दाखवलं. मग एका बाईंचा आवाज आला, "रांजण, हंडा ही नावं छान आहेत. कशी सुचली?"

मग माझ्या मैत्रिणीचा आवाज, थोडा ओला, थोडा हळू. "मॅडम, आमच्याकडं दुष्काळात टँकर यायचा. माझी माय ना, भांड्यांना चिंध्या बांधायची..."

माझी माय. जिनं जन्मात आईला मम्मीशिवाय हाक मारली नाही, ती माझी माय म्हणत होती. लाल चिंधी झाली, हिरवी झाली, पिठाचा डबा झाला. दादा लोळून हसला तेसुद्धा झालं, फक्त तो तिचा दादा होता. व्हेरिएबल म्हणजे डबा नाही, चिंधी आहे, हेही तिनं माझ्याच शब्दांत सांगितलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती मी त्या बाकावर बसून अनुभवली. उठून दार ढकलावं वाटलं. पण उठले नाही. मला अजून वाटत होतं की ती शेवटी म्हणेल, "मॅडम, हे खरं तर माझ्या मैत्रिणीचं आहे." मी त्या वाक्याची वाट बघत बसले. वाक्य आलं नाही. दार उघडून ती बाहेर आली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "जा, बोलावलंय."

आत गेल्यावर मॅडम प्रेमानंच म्हणाल्या, "हेच पान आत्ता बघितलं ना आम्ही?"

"जोडीनं केलंय मॅडम. सांगितलं सगळं मी."

"बरं. मग एवढं कर. समज घरात पाहुणे आले. त्यांचं पाणी हंड्यातून वजा कर. लिही बरं इथंच."

डोक्यात उत्तर लख्ख होतं. हंडा बरोबर हंडा वजा पाहुणे. ही एवढी ओळ. पण कीबोर्ड समोर आला आणि माझे हात मला परके झाले. वजाचं चिन्ह कुठं, बरोबरचं कुठं, कंस कसा काढायचा, काही म्हणजे काही सापडेना. गेले कित्येक महिने मी नुसती बोलत होते. एक कंस उघडा राहिला. पान चालवलं तर पडदा पांढराफटक. मॅडमशेजारी टीशर्टातला माणूस होता. तो समजुतीनं म्हणाला, "घाबरू नकोस. पण तू प्रॅक्टिस केलेली दिसत नाही."

"सर, नावं माझी आहेत. ती चिंध्यांची गोष्ट माझ्या घरची आहे. ती माझी माय आहे." मी म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ न कळण्याइतकी मी बावळट नव्हते. त्यांना मी मैत्रिणीवर जळणारी, तिच्या आईची गोष्टही ओढून घेणारी पोरगी वाटत होते. मॅडम म्हणाल्या, "अगं, मराठवाड्यात सगळ्यांच्याच घरी असं असतं. तू तुझी वेगळी काहीतरी गोष्ट सांग ना."

माझ्याकडं वेगळी गोष्ट नव्हती. आणलेली एकच होती आणि ती माझ्या आधी आत जाऊन आली होती.

नोकरी तिला लागली. सरांनी तिथंच पेढे मागवले. मी पेढा न घेता खोलीवर आले. संध्याकाळी नळ आला. सवयीनं मी आधी माझी भांडी भरली आणि मग, हात थांबेनात म्हणून, तिचा हंडाही भरला. भरून झाल्यावर भानावर आले. केसानं गळा कापणाऱ्या बाईसाठी मी पाणी भरत होते! हंडा उचलला आणि मोरीपाशी नेला. नुसता कलता करायचा होता. पण टँकरच्या गावातल्या माणसाला पाणी ओतून देता येत नाही हो. कितीही राग येऊ दे, येत नाही. हंडा तसाच धरून मी तिथं उभी राहिले आणि मोठ्यानं रडले. मग जागेवर आणून ठेवला आणि वर झाकण घातलं.

ती आली तेव्हा मी बॅग भरत होते. मी म्हणाले, "का केलंस गं असं?"

"काय केलं?"

"माझी माय चोरलीस तू."

तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "असं काय बोलतेस? त्यांनी विचारलं, मला तेच आठवलं. आणि टाइप तर मीच केलं ना सगळं. तू एक ओळ तरी टाकलीस का?"

एक ओळही मी टाकली नव्हती, हे खरं होतं. तेच तर झोंबलं. ती झाकण काढून हंड्यातलं पेलाभर पाणी प्यायली. "भरलंस का? बरं झालं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी पिशोरला गेले. दादानं स्थळं बघायला सुरुवात केली. मी दिलेला शब्द होता, पण मी तो मोडला, रडून, भांडून, उपाशी राहून. शेवटी माय मधे पडली म्हणून एक वर्ष मिळालं. गावातल्या सेवा केंद्रात मी बसायला लागले आणि दुष्काळी अनुदानाचे अर्ज, सातबारे, जातीचे दाखले टाइप करून बोटं मोकळी केली. मग परत आले. या वेळी कुणाच्या शेजारी बसले नाही. नोकरी मिळवली, आणि तेव्हापासून माझे हात माझेच आहेत. ती एव्हाना पुण्याला मोठ्या कंपनीत गेली होती.

आता मी बायपासवर राहते. तेव्हा पाणी पिऊन उभ्या राहिलेल्या त्यातल्याच एका इमारतीत. गुडघ्यांमुळं माय माझ्याकडं असते. मागच्या उन्हाळ्यात अचानक त्या मैत्रिणीचा फोन आला. कुणाच्या तरी लग्नाला शहरात आली होती. "तुझा नंबर किती मुश्किलीनं मिळवला गं. येऊ का भेटायला?" मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, ती माफी मागायला येतेय. नंबर शोधून काढण्याचं दुसरं काय कारण असेल? मी सकाळपासून मनात घोकत होते की तिनं माफी मागितली तर काय म्हणायचं. लगेच माफ करायचं की थोडं झुलवायचं, यावरही विचार करून ठेवला होता.

ती आली, पेढे घेऊन. माझ्या मायच्या पाया पडली. मायला मी कधीच काही सांगितलं नव्हतं, तुझी गोष्ट गेली हे कुठल्या तोंडानं सांगणार? मायच्या लेखी ही फक्त लेकीच्या क्लासातली मैत्रीण होती. माय पाणी आणायला उठली. इथं फिल्टर आहे, फ्रिज आहे, पण मायचा माठ वेगळा, आणि त्याच्या गळ्याला अजून लाल चिंधी.

ती माठाकडं बघतच राहिली. "अय्या!" ती जवळजवळ किंचाळली. "मावशी, आमच्याकडं पण अशीच लाल चिंधी असायची! आमच्या घरी ना, पिण्याच्या हंड्याला लाल, स्वयंपाकाच्या कळशीला हिरवी..." आणि ती सुरू झाली. हंडा गळायला लागला. पिठाचा डबा रिकामा केला. भाऊ हसून लोळला. मध्येच तिचे डोळे भरून आले. मी तिच्या डोळ्यांत खोटं शोधत होते. मला ओळखता आलं असतं, मी त्या डोळ्यांशेजारी महिनोन् महिने बसले होते. पण तिथं खोटं नव्हतं. सांगून सांगून ते तिचंच झालं होतं.

बोलायला मी तोंड उघडलं. पण तेवढ्यात माय हसली. इतकी खुललेली मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

"व्हय का गं बाई? आमच्याकडं बी अगदी असंच व्हतं. म्या बी डब्यालाच चिंधी बांधली व्हती. मला वाटायचं, ह्ये येड माझ्या एकटीच्याच डोक्यात हाय." मायनं तिच्या गालावरून हात फिरवला. "तुझी माय लई शानी बाई दिसती. एकदा भेटायला ये म्हनावं तिला."

"सांगते ना, मावशी," ती म्हणाली, आणि रिकामा पेला मायच्या हातात दिला.